पाचवा रकाना: देवावर भरवसा असेल तर हिशोब कुठे थांबवायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. कामाच्या ठिकाणी सहा महिन्यांपासून कुजबुज आहे की माणसं कमी करणार. घरात कमावणारे तुम्ही एकटे, दोन मुलं, आई थकलेली. तुम्ही पैसे बाजूला टाकू लागलात, पुढच्या दहा वर्षांचं कोष्टक मांडलंत आणि आता रात्री दोनला उठून तेच कोष्टक पुन्हा उघडता. थोरले भाऊ म्हणाले, "एवढा हिशोब करतोस म्हणजे तुझा देवावर विश्वासच नाही." वर तुकोबांचं 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' ऐकवलं. तुम्ही रोज प्रार्थना करणारे, त्यामुळे ते जिव्हारी लागलं. आणि तुम्ही विचारताय, योजना करणं हा खरंच अविश्वास आहे का?

नाही. पण एवढ्या एका शब्दाने तुमची रात्र सुधारणार नाही.

मी सव्वीस वर्षं लोकांच्या खर्चाचं, कर्जाचं, विम्याचं आणि म्हातारपणाचं नियोजन करून दिलं. स्वतः श्रद्धाळू आहे आणि ते लपवत नसे, म्हणून दोन्ही टोकांची माणसं माझ्याकडे यायची. काही जण 'देव बघून घेईल' म्हणत कागदच उघडायचे नाहीत. काहींना उघडलेला कागद मिटता येत नसे. तुम्ही या दुसऱ्यांतले. कोष्टक मांडलंत ते चांगलंच केलंत, पण ते पूर्ण झालं हे तुम्हाला कळेनासं झालंय. रात्री दोनला आकडे तेच असतात, संध्याकाळी होते तसेच. तरी तुम्ही उठता, कारण 'काही होणार नाही' असं कुणीतरी लिहून द्यावं असं वाटतं. आधी ते देवाकडे मागितलंत. तिथून लेखी काही आलं नाही, म्हणून आता कोष्टकाकडे मागताय. तेही देणार नाही.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत आणि त्यांवर बरंच अवलंबून आहे. कर्ज किती, हप्ते थकलेत का, पत्नीला काम करण्याची इच्छा आणि सोय आहे का, आईचं दुखणं नुसतं वयाचं की महागड्या उपचारांचं. हप्ते थकले असतील तर पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी बँकेशी बोला. नोकरी जायच्या आधी बोलायला गेलेल्या माणसाचं म्हणणं जास्त ऐकून घेतलं जातं. आणि झोप बरेच आठवडे उडालेली असेल, छातीत धडधड होत असेल, तर डॉक्टरांकडे जा. त्यात श्रद्धेचा काही संबंध नाही, शरीराचा आहे. दादांचं बोलणं कुठून आलंय हेही मला माहीत नाही. कदाचित त्यांना तुमच्या कोष्टकाचा त्रास नसेलच, तुमच्या काळजीने घर भरून गेलंय त्याचा असेल, आणि ते सांगायला त्यांच्याजवळ हीच भाषा असेल.

आता माझ्या कामातलं सांगते. गीतेच्या अठराव्या अध्यायात चौदाव्या श्लोकात कोणतंही कर्म घडायला पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवं दैव. टीकाकार यांचे अर्थ फार बारकाईने लावतात. मी ते माझ्या कामापुरते घेतले आणि वहीत पाच रकाने आखायला लागले. तुम्ही आज कुठे उभे आहात तो पहिला. तुम्ही स्वतः, तुमचा स्वभाव आणि तब्येत, हा दुसरा. हाताशी असलेली साधनं, म्हणजे पैसा, कौशल्य, ओळखी, वेळ, हा तिसरा. प्रत्यक्ष काय करणार ते चौथ्यात. पाचवा रकाना मी आखायचे आणि रिकामा सोडायचे.

लोक विचारायचे, रिकामाच सोडायचा तर आखायचा कशाला? तर, न आखल्यास माणूस दोनपैकी एक चूक करतो. 'देव बघून घेईल' म्हणणारा पाचवा रकाना एवढा रुंद करतो की बाकीचे चार वहीबाहेर जातात. गीतेने मात्र दैवाला पाचांतलं एक म्हटलंय, एकमेव म्हटलेलं नाही. तुमच्यासारखा माणूस उलट करतो. तो पाचवा रकाना भरायला बसतो. कंपनी काय ठरवेल, बाजार कुठे जाईल, आई किती वर्षं असेल, हे सगळं तो आकड्यांत लिहू पाहतो आणि जमत नाही म्हणून रात्री पुन्हा उठतो. त्याच अध्यायात दोन श्लोक पुढे, पाच कारणं असताना केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला दिसत नाही, असं म्हटलंय. तिथे गीतेने 'दुर्मति' असा शब्द वापरलाय. मी तुम्हाला तो लावणार नाही, पण माझ्या वहीच्या पहिल्या पानावर तो बरीच वर्षं होता.

दहा वर्षांच्या कोष्टकाचा भ्रम कसा असतो तो आकड्यांतच बघा. एकरकमी गुंतवलेली रक्कम वर्षाला ८ टक्क्यांनी वाढली तर दहा वर्षांत २.१६ पट होते, १० टक्क्यांनी वाढली तर २.५९ पट. या दोन टक्क्यांतलं काहीही तुमच्या हातात नाही, तरी कोष्टकाच्या त्या चौकटीत तुम्ही सहज ८ चे १० करता आणि तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मुलांचं शिक्षण आणि म्हातारपण यांसाठी लांबचा ढोबळ अंदाज लागतोच, तो वर्षातून एकदा बघायचा. नोकरीच्या प्रश्नासाठी मात्र अठरा महिन्यांपलीकडे मी कधीच मांडत नाही.

आता माझी स्वतःची फजिती सांगते, नाहीतर हे सगळं फार शहाणपणाचं वाटेल. चौतिसाव्या वर्षी मी नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं. हाताशी दोन महिन्यांचा खर्च होता. इतरांना 'किमान सहा महिन्यांचा ठेवा' सांगणारी मी! सगळ्यांना सांगत सुटले होते की आतून देवाने सुचवलंय. खरं असं होतं की वरिष्ठांशी माझं पटत नव्हतं आणि वही उघडली असती तर अजून एक वर्ष थांबावं लागलं असतं. म्हणून वही उघडलीच नाही. पुढचे अकरा महिने वाईट गेले. मुलाची फी माझ्या बहिणीने भरली, मी न मागता. त्या काळात देवाने सांभाळलं असं मी म्हणते, आजही म्हणते आणि मनापासून म्हणते. पण देवाने सांभाळलं ते बहिणीच्या हातून, आणि तिच्याजवळ पैसे होते ते तिने वर्षानुवर्षं बाजूला टाकले होते म्हणून. तिच्या त्या बाजूला टाकण्याला मी अविश्वास म्हणू शकत नाही. माझ्या धाडसाला विश्वास म्हणायची मात्र मला लाज वाटते.

तेव्हापासून एक वाक्य मी कान देऊन ऐकते: 'देवाच्या मनात असेल तसं होईल.' कोण कधी म्हणतं ते बघा. काम करून झाल्यावर म्हटलं तर ती शरणागती आहे. कामाला हात घालण्याआधी म्हटलं तर बहुतेक वेळा ती टाळाटाळ असते. 'देव करो आणि तशी वेळ न येवो' याचंही तेच. मृत्युपत्राचा विषय काढला की समोरचा हे म्हणायचा आणि फाइल मिटायचा. ते म्हणणं खरंही असायचं, मनापासूनही असायचं, फक्त त्यानंतर फाइल पुन्हा उघडायला हवी होती.

दादांनी ऐकवलेल्या अभंगाबद्दल. त्या ओळीचा दुसरा चरण 'चित्ती असू द्यावे समाधान' असा आहे, आणि तो चित्ताबद्दल आहे. हातपाय कसे ठेवावेत याबद्दल तिथे काही म्हटलेलं नाही. तेच तुकोबा 'असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास' असंही सांगतात. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांचा संसार होरपळला, पहिली पत्नी गेली. सुस्थितीत बसून दुसऱ्याला स्वस्थ राहायला सांगणारा हा माणूस नव्हे. दादांना हे भांडणाच्या सुरात ऐकवू नका. ऐकवायचंच असेल तर 'दादा, तो चित्ताचा भाग मला जमत नाहीये, त्यात मदत कर' असं म्हणा. माझा अंदाज आहे की ते मदत करतील.

साठवणीबद्दल मला सर्वांत जास्त शिकवलं ते बायबलमधल्या दोन गोष्टींनी. त्या शेजारीशेजारी ठेवून बघा. पहिली योसेफाची. इजिप्तचा राजा फारो याच्या स्वप्नाचा अर्थ तो सांगतो: सात वर्षं सुकाळ, मग सात वर्षं दुष्काळ. हे देवानेच ठरवलंय असंही सांगतो. आणि लगेच पुढे म्हणतो, अधिकारी नेमा आणि सुकाळात पिकाचा पाचवा हिस्सा साठवा. म्हणजे देव काय करणार आहे हे ठाऊक असलेला माणूस कोठारं बांधायला सांगतो. दुसरी गोष्ट रानातल्या मान्नाची, म्हणजे देवाने पाठवलेल्या अन्नाची. इस्राएली लोकांना रोज सकाळी त्या दिवसापुरता मान्ना मिळे. उद्यासाठी म्हणून ज्यांनी ठेवला त्यात किडे पडले. मग साठवावं की साठवू नये? बरीच वर्षं मला हा विरोध सुटत नव्हता. आता मला असं दिसतं: योसेफाने समोर दिसणाऱ्या संकटासाठी, मोजून, सगळ्यांसाठी साठवलं. मान्ना ठेवणाऱ्यांनी उद्या मिळणारच नाही या भीतीने ठेवलं. आणि मजा म्हणजे सहाव्या दिवशी त्यांना दुप्पट गोळा करायला सांगितलं होतं, सातव्या दिवसाच्या विश्रांतीसाठी. तो रात्रभर राहिला तरी नासला नाही. साठवणीला हेतू होता आणि माप होतं.

हेतू आणि माप, तुमच्या कोष्टकात या दोन गोष्टी नाहीत. म्हणून त्या आधी ठरवू.

माप असं काढा. नोकरी गेली तरी टळणार नाही असाच खर्च धरायचा: घर चालवणं, हप्ते, शिक्षण, औषधं, विम्याचे हप्ते. त्याची महिन्याची बेरीज करा. लगेच हाताशी येतील एवढ्याच पैशांना तिने भागा. जे उत्तर येईल तेवढे महिने तुमच्याजवळ आहेत. सहा महिने हा ढोबळ आकडा सगळे सांगतात. एकट्याची कमाई आणि चार माणसं अवलंबून असतील तर मी नऊ ते बारा सांगते. तो आकडा गाठला की त्या कामापुरती साठवण संपली. पुढे वाढवायची नाही, वाढवावीशी वाटली तरी. हे 'संपलं' म्हणता येणं तुम्हाला जड जाईल. तुमच्या बाबतीत विश्वासाची परीक्षा मला तिथेच दिसते, पैसे बाजूला टाकण्यात नाही.

दोन गोष्टी लोक हमखास चुकतात, तेवढ्या सांगते. घाबरून हातातले पैसे कर्जात भरू नका. कर्ज लवकर फिटल्याचं समाधान मिळतं, पण नोकरी गेल्यावर बँक ते पैसे परत देत नाही आणि पुढचा हप्ता तर मागतेच. दुसरं म्हणजे आरोग्य विमा. नोकरीतून मिळालेलं सामूहिक संरक्षण सहसा नोकरीबरोबर जातं, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी अनेकदा प्रतीक्षाकाळ असतो, म्हणजे तेवढा काळ त्यांचा खर्च मिळत नाही. स्वतःची पॉलिसी नोकरी असतानाच घ्या, अर्जात आजार लपवू नका. मुदत विम्याचंही, म्हणजे ठरावीक मुदतीत आपण गेलो तर घरच्यांना पैसे देणाऱ्या विम्याचंही, आत्ताच बघा. बाकी बायोडेटा नीट करणं, जुन्या सहकाऱ्यांना फोन करणं हे तुम्हाला कळतंच. करत नसाल तर तेवढा वेळ कोष्टकातून काढा. तिथे भरपूर आहे.

मग वेळ बांधून घ्या. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, दीड तास, पत्नीबरोबर. एकट्याने नाही. एकट्याने केलेला हिशोब काळजीचा होतो, दोघांनी केलेला घराचा होतो. मी बसायच्या आधी एक मिनिट डोळे मिटते आणि 'जे आहे ते खरं दिसू दे' एवढंच मागते. उठताना पाचव्या रकान्यावर बोट ठेवते आणि 'हा तुझा' म्हणते. ऐकायला पोरकट आहे. पण मन शब्दांपेक्षा बोटाचं जास्त ऐकतं असा माझा अनुभव आहे.

नोकरी जाऊ नये अशी प्रार्थना करावी का? खुशाल करा. मनात आहे ते देवापासून लपवून काय मिळवायचं? पण तेवढीच एक प्रार्थना असेल तर नोकरी गेली त्या दिवशी देवही गेल्यासारखा वाटतो, हे मी पाहिलंय. म्हणून तिच्या शेजारी एक दुसरी ठेवा: उद्या सकाळी मी काय करायचं ते कळू दे. संकेतांच्या मागे मात्र लागू नका. अमुक फोन आला तर हो, नाही आला तर नाही, अशी अट मी देवाला घालत नाही. काळजीत असलेल्या माणसाला हवा तो संकेत कुठेही दिसतो, माझ्या चौतिसाव्या वर्षी मला भिंतीवरही दिसत होता.

'आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव' ही प्रेषितांची शिकवण तुम्ही ऐकली असेल. लोक ती बांधण्याच्या बाजूने सांगतात. मला तिचा दुसरा अर्धा भाग जास्त विचार करायला लावतो. बांधलेला उंटही रात्रीत चोरीला जाऊ शकतो. गाठ कितीही पक्की असली तरी झोपायला भरवसाच लागतो, आणि रात्री दर तासाला उठून गाठ तपासणाऱ्याचा उंट काही जास्त सुरक्षित होत नाही, तपासणारा फक्त सकाळी थकलेला असतो.

आता अवघड भाग. एक जोडपं माझ्याकडे बारा वर्षं येत होतं. दोघंही श्रद्धावान, कागद चोख, बारा महिन्यांचा राखीव खर्च, विमा, मृत्युपत्र, सगळं. नवऱ्याला असाध्य आजार निघाला आणि आठ महिन्यांत तो गेला. देवाने असं का केलं हे तिने मला विचारलं. माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आजही नाही. 'यामागे देवाची काहीतरी योजना असेल' असं मी तिला म्हटलं नाही. तुम्हालाही कुणी वाईट वेळी असं म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका, बोलणाऱ्याला गप्प बसवत नाही म्हणून माणसं तसं बोलतात. वर्षभराने ती पुन्हा आली तेव्हा तिने एक गोष्ट सांगितली. त्या आठ महिन्यांत तिने बिनपगारी रजा घेतली होती आणि एकदाही पैशांचा विचार करावा लागला नाही. ती त्याच्याजवळ बसून राहू शकली. आमच्या वहीने त्याला वाचवलं नाही, ते तिचं कामच नव्हतं. वहीने तिला तेवढे दिवस दिले. तिच्या श्रद्धेचं काय झालं हे मी विचारलं नाही. बराच काळ ती प्रार्थनेला बसत नव्हती आणि नंतर पुन्हा बसायला लागली, एवढं तिने आपणहून सांगितलं.

म्हणून योजना आणि भरवसा यांची कामं मी एकमेकांना देत नाही. राखीव पैसे मोजता येतात, ते मोजावेत. आई किती वर्षं असेल ते मोजता येत नाही, त्या रकान्यात कितीही आकडे लिहिले तरी तो रिकामाच असतो. तुम्ही तो भरायचं सोडलंत तर आईजवळ बसायला संध्याकाळी तासभर तरी मिळेल.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आज रात्री पुन्हा दोनला जाग आली तर काय करू. संगणक उघडू नका. उशाशी एक कागद ठेवा, मनात आलेलं एका ओळीत लिहा आणि ते पहिल्या चार रकान्यांतलं आहे की पाचव्यातलं एवढंच शेजारी लिहा. चारांतलं असेल तर महिन्याच्या बैठकीला घ्या. पाचव्यातलं असेल तर कागद उलटा करून ठेवा. पहिल्या आठवड्यात झोप लागेलच असं नाही, मला तीन आठवडे लागले होते. दरम्यान ती बेरीज आणि भागाकार पत्नीबरोबर करून बघा आणि किती महिने निघतात ते कळवा. पाच निघाले तर सल्ला वेगळा, अकरा निघाले तर वेगळा.